निरवांगीची बहात्तर अक्षरं

मोबाइलवर मराठी विकिपीडिया उघडा, एखाद्या गावाचं पान काढा आणि त्याचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवा. वरच्या पट्टीत गावाचं नाव देवनागरीत छान दिसत होतं. चिकटवल्यावर मात्र टक्क्यांची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची हातभर माळ पडते. पुष्कळांना तो व्हायरस वाटतो. समोरचा माणूस त्या लिंकवर बोट ठेवायलाही धजत नाही.

ती माळ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून गावाचं नावच असतं. इंदापूर तालुक्यातलं निरवांगी घेऊ. नीरा नदीच्या काठचं गाव, पलीकडच्या तीराला सोलापूर जिल्हा. आपण ‘निरवांगी’ चार अक्षरांत लिहून मोकळे होतो. संगणक आठ चिन्हं मोजतो: न, पहिली वेलांटी, र, व, काना, अनुस्वार, ग, दुसरी वेलांटी. काना-वेलांटीला त्याच्याकडे अक्षराइतकाच मान. पहिली वेलांटी आपण काढतो ‘न’च्या आधी, तो मात्र साठवतो ‘न’च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पडद्यावर दाखवायच्या वेळी तेवढी उचलून पुढे आणतो.

पुढचा हिशेब आणखी गमतीचा आहे. जगभरच्या लिप्या साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. वेबच्या पत्त्यात यातला प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन खुणा असा लिहावा लागतो. आठ त्रिक चोवीस, चोवीस त्रिक बहात्तर. रोमन लिपीत आठ अक्षरांत मावणारं निरवांगी देवनागरीत बहात्तर अक्षरांचं होतं. गूगलचं काही अडत नाही. तो ही माळ सहज उलगडतो. घाबरतो तो माणूस.

हे सांगायचं कारण असं की ‘वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात, धंद्यातली माणसं नुसतं एसईओ. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच आपल्या सूचनांत लिहून ठेवलं आहे. पानाच्या पोटात लपवलेल्या ‘कीवर्ड’च्या यादीकडे आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे त्याने २००९मध्येच जाहीर केलं. तरी त्या याद्या भरून द्यायचे पैसे आजही घेतले जातात. खरी मौज वेगळीच आहे. सर्च इंजिनाच्या लेखी मराठी ही परभाषा आहे. परभाषेतलं पान ते कसं वाचतं हे एकदा बघितलं, की आपलं पान का सापडत नाही ते आपोआप कळतं.

सर्च इंजिन तुमच्या प्रश्नाच्या वेळी वेबवर धावत नाही. त्याचे क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम आधीच पानापानांवरून फिरून गेलेले असतात. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, हा शब्द अमुक पानांवर आला म्हणून, तशीच सूची ते बांधतात, फक्त पानं अब्जावधी. तुम्ही शोधता ते या सूचीत. सूचीत तुमचा शब्द तुम्ही टाइप केला तस्साच नोंदला गेला असेल तर बरं, नाहीतर पान असून नसल्यासारखं.

‘तस्साच’ या शब्दाशी मराठीची पहिली अडचण उभी राहते. हे दोन शब्द बघा: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. डोळ्यांना फरक दिसणार नाही, बहुतेक फॉन्टांत तो दिसतच नाही. पण पहिल्यातल्या अर्ध्या र साठी ‘ऱ’ हे युनिकोडमधलं वेगळं चिन्ह वापरलं आहे, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की साठवण बदलते. हा फरक मुद्दाम न मिटवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हे दोन संपूर्ण वेगळे शब्द आहेत. हाच घोळ ‘ॲ’चा. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८मध्ये. तोवर लोक अ काढून त्यावर चंद्र बसवत होते. ‘ॲग्रोवन’ हे शेतीचं दैनिक २००५पासून निघतं, म्हणजे आपल्या पहिल्या अक्षरापेक्षाही ते वयाने मोठं! आधीची अवस्था तर याहून बिकट. वर्तमानपत्रांच्या आणि सरकारी खात्यांच्या साइट जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत असत. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळात नेटवर चढवलेली कितीतरी मराठी पानं कुठल्याच सूचीत मराठी म्हणून नोंदली गेली नाहीत.

आता विभक्तीकडे येऊ. मला सगळ्यात थक्क करणारा भाग तो आहे.

डाळिंब. डाळिंबाचा, डाळिंबाला, डाळिंबांना, डाळिंबावर, डाळिंबावरील, डाळिंबासाठी, डाळिंबाच्यासुद्धा. हिंदीत ‘के लिए’, ‘पर’, ‘का’ हे शब्द नामापासून सुटे राहतात, इंग्रजीत तर राहतातच. आपण सगळं चिकटवतो, आणि चिकटवण्याआधी मूळ शब्दही वाकवतो. पाणी पाण्याचं होतं, शेतकरी शेतकऱ्यांचा होतो. शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलेलं हेच ते. भोळ्या सूचीत या प्रत्येक रूपाची नोंद वेगळी पडते. ‘डाळिंब’ शोधणाऱ्याला ‘डाळिंबावरील’ असं लिहिलेलं पान दिसत नाही.

याने नेमकं किती नुकसान होतं, हे मोजलं कुणी? स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातल्या ल्यिलियाना डोलामिक आणि जाक सावॉय या दोघांनी. भारतीय भाषांतल्या शोधाची परीक्षा घेणारा ‘फायर’ नावाचा उपक्रम २००८मध्ये सुरू झाला. त्यासाठी ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या बातम्यांचा मोठा मराठी संच तयार झाला होता. या दोघांनी त्यावर शोध घेऊन पाहिला, एकदा शब्द आहेत तसे ठेवून आणि एकदा प्रत्यय खरडून काढून. २०१०मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. प्रत्यय जोरकसपणे छाटल्यावर शोधाची अचूकता हिंदीत सुमारे २८ टक्क्यांनी वाढली, बंगालीत १८ टक्क्यांनी आणि मराठीत ४२ टक्क्यांनी. हिंदीपेक्षा आपली वाढ एवढी जास्त का, याचं कारण मला तरी त्या चिकटवण्यातच दिसतं.

त्यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून हसू येतं. व्याकरणाचा काडीचाही विचार न करता प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार चिन्हं ठेवायची आणि बाकी उडवायचं, असाही प्रयोग त्यांनी केला. निकाल प्रत्यय ओळखून छाटण्याइतकाच चांगला! काना-वेलांट्या मोजून करून बघा: डाळिंब, डाळिंबाचा, डाळिंबावरील, सगळ्यांचं ‘डाळि’ उरतं आणि सगळे एका खणात पडतात. निरवांगी, निरवांगीला, निरवांगीतल्या, सगळ्यांचं ‘निरव’. त्याच खणात ‘निरवानिरव’ही येऊन बसते, त्याला इलाज नाही. आणि इंदापूर-बारामतीचं खरं पीक या सापळ्यातून सफाईने निसटतं. ऊस दीर्घ, उसाचा ऱ्हस्व. पहिल्याच अक्षराला फाटा फुटतो.

आजची यंत्रं इतकी भोळी राहिलेली नाहीत. वाक्याच्या संदर्भावरून शब्दाचा अर्थ पकडणारी ‘बर्ट’ नावाची पद्धत गूगलने २०१९च्या अखेरीस सत्तरहून अधिक भाषांच्या शोधाला लावली, त्यांत मराठी होती. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२मध्ये जवळपास अडीच कोटी मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ खुला केला आणि त्यावर शिकवलेली मॉडेलंही सगळ्यांना दिली. डाळिंब आणि डाळिंबावरील हे एकाच घरचे आहेत, हे यंत्र आता उदाहरणांवरून शिकतं. पण उदाहरणं मुळात लिहिलेली असावी लागतात. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तेवढ्या माणसांच्या मानाने नेटवरचं मराठी लिखाण फार तोकडं आहे.

आणि जे लिहिलं जातं ते कोणत्या शब्दांत? डाळिंबाच्या बागेवर तेलकट डाग पडले की शेतकरी त्याला तेल्या म्हणतो. आजोबा, नातू, औषधांचा दुकानदार, सगळे तेल्याच म्हणतात. पुस्तकी पत्रक मात्र ‘जिवाणूजन्य करपा’ या मथळ्याखाली निघतं. माहिती अचूक, मेहनत चांगली, पण पूर्ण पानात ‘तेल्या’ हा शब्दच नसेल तर ज्याच्यासाठी ते लिहिलं त्याची आणि पानाची गाठ पडायची कशी? यंत्राने दोन्ही शब्द एकच आहेत हे ओळखावं म्हणून वाट बघण्यापेक्षा मथळ्यात तेल्या आणि कंसात शास्त्रीय नाव घालणं सोपं. माझ्या मते एसईओमधलं निम्मं शहाणपण एवढंच आहे: शोधणारा काय टाइप करेल ते आधी विचारा.

हेच उलट्या दिशेने लावून बघा. आपल्या भागातली निर्यातीची द्राक्षं युरोपात जातात, त्यातली बरीचशी रॉटरडॅम बंदरातून. समजा, इंदापूरच्या एखाद्या शेतकरी कंपनीने डच भाषेत साइट काढायची ठरवली. मराठी मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला की डच पान तयार, असं वाटतं. पण आपण अभिमानाने ‘माणिक चमन’ लिहितो, तिकडचा खरेदीदार ‘बिनबियांची पांढरी द्राक्षं’ शोधतो, तेही त्याच्या भाषेतल्या रोजच्या शब्दांत. तो शब्द शब्दकोशात मिळेलच असं नाही. तिकडच्या दुकानाच्या किंमतफलकावर नक्की मिळेल.

मग दोन्ही पानांची ओळख सर्च इंजिनाला करून द्यावी लागते. त्यासाठी ‘एचआरईएफलँग’ नावाची खूण असते. गूगलने ती २०११मध्ये आणली. मराठीसाठी ‘एमआर’, डचसाठी ‘एनएल’, जर्मनसाठी ‘डीई’. मराठी पानाने सांगायचं, माझं डच भावंड तिथे आहे. डच पानानेही उलट तसंच सांगायचं. एकाच बाजूने नातं सांगितलं तर गूगल ते धरत नाही. नाहीतर कुणीही उठून कुणाच्याही पानाला भाऊ म्हणेल!

पण पान कोणत्या भाषेत आहे हे ठरवताना गूगल या खुणांवर विसंबत नाही, पत्त्यावरही नाही. तो पानावर दिसणारा मजकूर वाचून ठरवतो. मराठी आणि हिंदी, दोघींची लिपी एक. त्यांच्यातला फरक ‘आहे’, ‘च्या’, ‘ळ’ यांच्या दाटीवरून यंत्राला कळू शकतो. म्हणून वरचा मेनू इंग्रजीत, खालची माहिती इंग्रजीत आणि मध्ये दोन ओळी मराठी, अशा तयार साच्यातल्या साइट मराठीही राहत नाहीत आणि इंग्रजीही. आणखी एक चूक हौसेने केली जाते: भारतातून आलेल्याला आपोआप मराठी पान, परदेशातून आलेल्याला इंग्रजी. गूगलचा क्रॉलर बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. त्याला इंग्रजीकडे पिटाळलं, तर मराठी पान त्याच्या नजरेलाच पडत नाही.

तुमच्या गावाची, सोसायटीची, पतसंस्थेची साइट असेल तर आज एवढं करा. तिच्यावरच्या मराठी शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जाऊन कॉपी झाला आणि दुसरीकडे चिकटवल्यावरही मराठीच राहिला, तर मजकूर खरा आहे. नाही झाला तर तो फोटो आहे किंवा जुना फॉन्ट, आणि तो शोधात येईल याचा भरवसा धरू नका. पुढची नोटीस कागदाचा फोटो काढून न टाकता टाइप करून टाका. आणि गावाचं नाव देवनागरीत लिहाच, शेजारी रोमन लिपीतही लिहा. निरवांगीतला ‘व’ कुणी व्ही काढतं, कुणी डब्ल्यू. दोन्ही घाला.