हौसेला मोल नसते, हप्त्याला असते

आपल्या भाषेत दोन म्हणी शेजारी-शेजारी नांदतात. 'हौसेला मोल नसते' ही एक आणि 'ऋण काढून सण करू नये' ही दुसरी. पहिली लग्नघरात ऐकू येते. दुसरी लग्न आटोपून मांडववाल्याचे बिल आल्यावर आठवते. मध्यमवर्गीय मराठी माणसाचा संसार या दोन म्हणींमधल्या अरुंद बोळातून चालत आला आहे. हल्ली त्या बोळात एक जुनी मोटार येऊन उभी राहिली आहे. पन्नाशीकडे झुकलेला, बऱ्या पगाराचा एखादा गृहस्थ विचारतो, "साहेब, १९६८ची फियाट मिळतेय. इंजिन चालू आहे. मालक पाच लाख म्हणतो. कर्ज काढावे का?" रोजच्या वापराची गाडी त्याच्या दारात असते. ही हवी असते ती निव्वळ हौसेसाठी.

या हौसेला हसू नये. आपल्या पिढीने मोटार पाहिली ती दुसऱ्याच्या दारात. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेराल्ड या तिघींवर देशाचा कारभार चालत असे. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९५०च्या दशकातल्या गोलसर तोंडाच्या फियाटला आपण लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणालो. पुढे तिची धाकटी बहीण 'पद्मिनी' झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सीच्या रांगेतून कायमची निवृत्त झाली. स्टिअरिंगला चिकटलेला तो गिअरचा दांडा हाती आला की माणूस नुसती गाडी चालवत नाही, आपल्या बापाची इच्छा चालवत असतो. त्यामुळे प्रश्न हौसेचा नाही, ती कोणाच्या पैशाने करावी याचा आहे.

बँकेच्या खुर्चीत बसून कर्जाचे अर्ज वाचताना आम्हाला पहिला धडा मिळाला तो म्हशीचा. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून गावोगाव दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली गेली. त्यातली काही बुडाली, पण हिशेब सरळ होता : म्हैस दूध देईल, दुधाचे पैसे येतील, त्यातून हप्ता जाईल. 'फेडणार कशातून?' हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारत असू आणि म्हशीकडे त्याचे उत्तर असे. हौसेची मोटार ही चारा खाणारी पण दूध न देणारी म्हैस आहे. तिचा हप्ता पगारातून जातो, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून.

आता आकडे मांडू. नव्या गाडीचे कर्ज स्वस्त पडते, कारण ती गाडीच बँकेकडे तारण असते. साठ वर्षांच्या फियाटला तारण म्हणून बहुतेक बँका हात लावत नाहीत. मग उरते वैयक्तिक कर्ज. पाच लाख, चौदा टक्के, पाच वर्षे असे धरले तर महिन्याला सुमारे ११,६०० रुपये हप्ता बसतो आणि शेवटी जवळजवळ दोन लाख रुपये नुसते व्याज जाते. पत्र्याचा गंज, रंग, टायर आणि विमा यांचा खर्च निराळा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचे पडदे कुजतात, तेही बदलावे लागतात. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे, आणि अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे गाडी वर्षातले बहुतेक दिवस सुट्टीवर आणि हप्ता मात्र दर महिन्याला हजर.

"पण साहेब, हिची किंमत वाढणारच!" हा पुढचा युक्तिवाद. २०१८ साली १९६२ची एक फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली, ही बातमी त्याने जपून ठेवलेली असते. पण ते मॉडेल चाळीसहून कमी निघाले आणि फियाट हजारोंनी. शिवाय फेरारीचाही इतिहास पुरता वाचावा. १९८८ साली एन्झो फेरारी वारल्यानंतर त्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले होते. १९९०च्या सुमारास बाजार कोसळला. उधारीच्या पैशावर गाड्या घेतलेल्यांच्या वाट्याला उतरलेली किंमत आणि न उतरलेले कर्ज आले.

मला खरी भीती वाटते ती मात्र पैशाच्या नुकसानीपलीकडची. कर्ज डोक्यावर आले की हौस हौस राहत नाही. 'आपल्याला आवडली' एवढे कारण पुरेनासे होते; ती 'गुंतवणूक' आहे असे बायकोला, मुलांना आणि स्वतःला पटवत बसावे लागते. मुलीच्या क्लासची फी आणि फियाटचा कार्बोरेटर एकाच महिन्यात आले की घरात कोणी बोलत नाही, पण दाराशी उभी असलेली ती गाडी सगळ्यांना दिसत असते. आणि अडचणीत पहिली विकली जाते तीही तीच, मिळेल त्या भावाला.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. जो हप्ता बँकेला द्यायचा, तोच आधी रिकरिंगमध्ये टाका. ११,६०० रुपये महिन्याला, सहा टक्के व्याज धरले तरी साडेतीन वर्षांच्या आत पाच लाख उभे राहतात. वर्षभरातच हप्ता चुकू लागला तर कर्जाचाही चुकला असता, हे फुकटात कळते. हातची संधी जाईल असे वाटत असेल आणि ठेव असेल, तर ती न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. ते सहसा ठेवीच्या व्याजाहून एक-दोन टक्क्यांनीच महाग पडते, आणि ते फिटले नाही तरी घराला हात लागत नाही.

साडेतीन वर्षांनीही त्या स्टिअरिंगच्या गिअरसाठी हात शिवशिवत असतील, तर खुशाल घ्या. तोवर ही फियाट विकली गेली, तर दुसरी मिळेल. आणि तीन वर्षांत मनातून गाडीच गेली असेल, तर समजा दोन लाखांचे व्याज वाचले.