संगणकाचे कारागीर प्रवास का करतात?

कापडाच्या पेढीवर तीस वर्षे काढलेल्या माणसाने सॉफ्टवेअरच्या धंद्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत ज्या मोहल्ल्यातला एखादा तरी मुलगा पुणे, बंगळुरू वा हैदराबादला संगणकाच्या कामावर नाही, असा मोहल्ला शोधावा लागेल. हे मुलगे ईदला घरी आले की पगार किती वाढला एवढेच आपण विचारतो. ते काम कुठे शिकतात, कंपनी त्यांना परदेशी कशासाठी पाठवते, हे विचारत नाही. मग एखादा मुलगा स्वतःच्या खिशातून पैसे घालून दूरच्या गावी कार्यशाळेला निघाला, की घरात कुरकुर सुरू होते.

अशी कुरकुर माझ्या बहिणीच्या घरीही झाली. माझा भाचा दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, पुढे पॉलिटेक्निक व इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून लागला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बंगळुरूच्या एका कार्यशाळेसाठी त्याने रजा घेतली. प्रवेश फी, उद्यान एक्सप्रेसचे भाडे, तीन रात्रींची खोली व जेवण मिळून साडेआठ हजारांवर खर्च झाला. त्याच्या वडिलांचे बारा माग आहेत. ते म्हणाले, "पगार मिळतोच आहे, मग शिकायला पैसे कशाला? एवढ्यात दोन मागांची दुरुस्ती झाली असती." हिशेबी माणसाचा प्रश्न आहे, रास्त आहे. त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

कार्यशाळा म्हणजे काय?

पायथॉन ही संगणकाला हुकूम देण्याची एक भाषा आहे. गुइडो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती १९९१ साली जगापुढे आणली. ती कोणीही फुकट वापरू शकतो. हिच्यावर काम करणाऱ्यांचा 'पायकॉन इंडिया' नावाचा मेळावा २००९ साली प्रथम बंगळुरूला भरला, २०११ साली पुण्यात भरला आणि २०२० मध्ये कोरोनामुळे घरबसल्या संगणकावर झाला. तो भरवणारे बहुतेक लोक आपापली नोकरी सांभाळून बिनपगारी राबतात.

मेळाव्यात कोण बोलणार, हे काही महिने आधी अर्ज मागवून ठरते. भाषणे होतात, तसेच प्रत्यक्ष हाताने काम करण्याचे वर्गही असतात. प्रत्येकाने आपला लॅपटॉप घेऊन बसायचे आणि शिकवणारा सांगेल तसे करून पाहायचे. शेवटी काही जण एकत्र बसून एखाद्या सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त करतात. भाषणांच्या चित्रफिती नंतर यूट्यूबवर फुकट मिळतात. मग तिथे जाण्याची गरज काय, असे मीही भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामू, चित्रफितीला आपली अडचण सांगता येत नाही."

पहिल्या वेळेस तो मागच्या रांगेत बसला. इंग्रजी समजत होते, पण चारचौघांत बोलायला जीभ रेटत नव्हती. उर्दू वा मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांची ही अडचण सार्वत्रिक आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत शेजारच्या माणसाला त्याने मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत आपल्या कामातील एक अडचण सांगितली. त्याच्या कंपनीत महिनाअखेरच्या बिलांचा अहवाल निघायला चाळीस मिनिटे लागत. त्या माणसाने तिथेच ताट बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायला लावला आणि दोष दाखवला.

दोष काय होता, हे व्यापारी वाचकांना लगेच कळेल. आपण रोजच्या नोंदी रोजमेळात करतो आणि मग त्यांची खतावणी करतो. एका पार्टीची बाकी पाहायची तर खतावणीत तिचे पान उघडतो, वर्षभराचा रोजमेळ चाळत बसत नाही. भाच्याच्या सॉफ्टवेअरला खतावणीच नव्हती. दर बिलाला ते सारा रोजमेळ पहिल्यापासून वाचत होते. संगणकाच्या भाषेत या खतावणीला 'इंडेक्स' म्हणतात. पुण्याला परतल्यावर त्याने तो बसवला, आणि चाळीस मिनिटांचे काम दोन मिनिटांच्या आत आले. साहेबांनी पुढच्या वर्षी त्याची प्रवेश फी कंपनीतर्फे भरली.

हुन्नर उघड करण्याचा रिवाज

आमच्या कारागिरांना सर्वांत नवल वाटेल ते पुढेच आहे. जेवणाच्या रांगेतील तो माणूस दुसऱ्या कंपनीचा होता, आणि त्याने फीचा एक पैसाही मागितला नाही. या धंद्यात हजारो लोक आपण लिहिलेले सॉफ्टवेअर नकाशासकट उघडे ठेवतात. कोणीही ते घ्यावे, वापरावे, त्यात सुधारणा करावी. काही परवान्यांची अट अशी असते की सुधारलेली वस्तू पुढे दिली तर तिचा नकाशाही द्यावा लागतो.

यात सारा परोपकारच आहे असे समजू नये. व्यवहारही आहे. शंभर ठिकाणचे लोक एकच वस्तू वापरतात, तेव्हा तिचे दोष लवकर सापडतात आणि दुरुस्तीचा भार वाटला जातो. शिवाय ज्याने दुरुस्ती केली त्याचे नाव तिथे तारखेसकट नोंदले जाते. आपल्या धंद्यात पत ही बाजारात तोंडोतोंडी चालते. त्यांच्याकडे ती अशी लिहिलेली असते, कोणीही तपासून पाहावी.

ही पत भाच्याच्या कामी आली ती २०२३ साली. त्या वर्षी जगभर संगणक कंपन्यांनी माणसे कमी केली, आणि त्याच्याही कंपनीच्या यादीत त्याचे नाव निघाले. घरभाडे चालू, धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले. त्याने साठच्या वर ठिकाणी अर्ज पाठवले, बहुतेकांचे उत्तरही आले नाही. अखेर दीड महिन्याने नोकरी लागली, ती एका जुन्या ओळखीतून. दोन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात ज्याच्यासोबत बसून त्याने एका फुकट सॉफ्टवेअरमधील दोष काढला होता, त्या माणसाच्या कंपनीत जागा निघाली होती. मालकाने प्रमाणपत्रे नंतर पाहिली, नोंदलेले काम आधी पाहिले. साडेआठ हजारांचा हिशेब मेहुण्यांना त्या दिवशी पटला.

पैशाची अडचण असलेल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरचा जागतिक मेळावा सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात कोची येथे भरला होता. भारतातला तो पहिलाच. अशा मेळाव्यांत प्रवास, मुक्काम व जेवणाच्या खर्चासाठी मदत मागण्याची सोय असते. अर्ज मुदतीत करावा लागतो आणि आपण काय काम केले ते लिहावे लागते. मागण्यात कमीपणा नाही. ती मदत त्यासाठीच राखलेली असते.

कामासाठी परदेशी जाणे

नव्या कंपनीने भाच्याला जर्मनीस पाठवले. तेथील एका गोदामासाठी त्याने व त्याच्या सोबत्यांनी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहिले होते. माल आला-गेला की हातातल्या यंत्रावर बटण दाबून नोंद करायची. पुण्यात सारे ठीक चालले. गोदामातील कामगार मात्र तक्रार करीत होते, आणि सहा महिने पत्रव्यवहार होऊनही कारण कळत नव्हते.

भाचा गोदामात एक दिवस उभा राहिला आणि कारण दिसले. थंडीमुळे कामगार जाड हातमोजे घालून काम करीत. पडद्यावरची बटणे बारीक होती, एक दाबायला जावे तर शेजारचे दाबले जाई. कामगार हातमोजा काढून नोंद करीत, नाहीतर नोंद तशीच सोडून देत. पत्रात ते फक्त एवढेच लिहीत की नोंदी चुकतात. बटणे मोठी केली, तक्रार संपली.

मालेगावचे ग्रे कापड पाली-बालोत्र्याला रंगाईस जाते. मागाच्या तेलाचा डाग रंगात कसा उठून दिसतो, हे रंगाईच्या कारखान्यात उभे राहून ज्याने पाहिले, तो मागवाल्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलतो. फोनवर 'माल डागी निघाला' एवढेच ऐकणारा दर कमी करून मोकळा होतो, आणि पुढचा ताका पुन्हा तसाच निघतो.

परदेश प्रवासाबाबत भाच्याने सांगितलेल्या काही गोष्टी आमच्या मुलांच्या उपयोगी पडतील:

व्हिसाच्या कागदावर जे काम लिहिले तेच करावे. अमेरिकेचा बी-१ व्हिसा सभा, परिषदा व बोलणी यांसाठी आहे, त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी एच-१बी लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० व तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावण्याचा हुकूम काढला. तेव्हा 'अमेरिकेला लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाला आगाऊ पैसे देण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा.

जर्मनीसह युरोपातील शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोलावणाऱ्या कंपनीचे पत्र सोबत ठेवावे.

विमानात हलाल जेवण हवे असल्यास बऱ्याच कंपन्यांत एक दिवस आधी सांगावे लागते. कामाच्या ठिकाणी नमाजासाठी दहा मिनिटे हवीत, हे पहिल्याच दिवशी साधेपणाने सांगून टाकावे. भाच्याला रिकामी बैठकीची खोली मिळाली. संध्याकाळच्या मेजवानीत दारू असते, तेव्हा ज्यूस घेऊन बसले तरी कोणी आग्रह करीत नाही. पण तिथे जाणेच टाळले तर ओळखी होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ज्याने त्याने आपल्या दिलाला विचारून ठरवावे.

खर्चाच्या पावत्या रोजच्या रोज लिहून ठेवाव्यात. परतल्यावर महिन्याने आठवून लिहिलेला हिशेब कोणत्याच धंद्यात चालत नाही.

सर्वच कार्यशाळा उपयोगाच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. दोन दिवसांत तज्ज्ञ बनवतो, नोकरीची हमी देतो, अशा जाहिराती करून भारी फी घेणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. शिकवणारा स्वतः ते काम करतो काय, त्याचे काम कुठे पाहायला मिळेल, हे आधी विचारावे. उत्तर नसेल तर पैसे आपल्याच खिशात राहू द्यावेत.

आमच्या धंद्याने काय घ्यावे?

शिकलेले हुन्नर जन्मभर पुरते, ही समजूत आता कोणत्याच धंद्यात खरी राहिलेली नाही. उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब आठवा. एकेकाची नस्तालीक पाहत राहावी अशी. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक संगणकावर आले, १९९४ साली दिल्लीहून इनपेज आले, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कातिबांचे काम गेले. जे कातिब संगणकावर बसले त्यांना अक्षराची जाण होतीच, ते टिकले. आज संगणकाच्या कारागिरांवरही तीच वेळ आली आहे. साधा कोड आता यंत्रच लिहून देते. भाचा म्हणतो, यंत्राने लिहिलेल्यातील चूक ओळखणारा माणूस लागतो, आणि चूक ओळखण्याची नजर चार जाणकारांत बसल्याशिवाय येत नाही.

यंत्रमागाचेही तसेच आहे. कापडयंत्रांचे 'इटमा' हे जागतिक प्रदर्शन दर चार वर्षांनी भरते. २०२३ साली ते मिलानला झाले, पुढचे २०२७ साली जर्मनीत हॅनोव्हरला आहे. प्रत्येकाने मिलानला जावे असे कोण म्हणेल? पण सुरत वा इचलकरंजीला जाऊन बिनधोट्याचे माग चालताना पाहायला रेल्वेचे तिकीट पुरते. आपल्यातले किती जण त्यासाठी म्हणून गेले? आपण जातो ते वसुलीला आणि सौद्याला.

दुसरी गोष्ट जॉबरची. माग बिघडला की गावात अमुक एका जॉबरलाच तो दुरुस्त होतो आणि तो आपली युक्ती मुलाशिवाय कोणाला दाखवत नाही. त्याचा मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. मग ती युक्ती जाणार कोणाकडे? मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. महिन्यातील एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, दहा-पंधरा जॉबर व कारखानदारांनी एका कारखान्यात जमावे. एकाने एक बिघाड उघडून दाखवावा, बाकीच्यांनी पाहावे, विचारावे. चहाचा खर्च ज्याचा कारखाना त्याचा. दाखवणाऱ्याला दोन तासांची मजुरी सर्वांनी मिळून द्यावी, म्हणजे त्याचे नुकसान होणार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा यापेक्षा फार वेगळा नसतो.

आणि ज्यांची मुले संगणकाच्या धंद्यात आहेत त्यांनी वर्षाच्या खर्चात मुलाच्या शिकण्याच्या प्रवासाचे एक खाते उघडावे. तो परतला की पगाराआधी एवढे विचारावे: कोण भेटले, काय पाहिले, आणि त्यातले आपल्या मागाच्या, पेढीच्या कामाचे काय आहे?