अठरा पूर्ण म्हणजे मतदार?

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात अमुक टक्के लोक मतदानाच्या वयाचे, म्हणजे तिथल्या प्रत्येक काउंटीतही साधारण तेवढेच, असं धरून पुष्कळदा हिशेब मांडले जातात. फ्लोरिडात हा हिशेब पार कोलमडतो. सबंध राज्यात पाचांतला एक जण अठराच्या आतला. सम्टर काउंटीत मात्र शंभरांत दहाही नाहीत! तिथे ‘द व्हिलेजेस’ ही निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. तिच्या बहुतेक भागांत घरातला निदान एक माणूस पंचावन्नच्या पुढचा असावा लागतो आणि एकोणीसच्या आतल्यांना कायमचं राहता येत नाही; नातवंडं येतात ती पाहुणी म्हणून. तास-दीड तासावरच्या ओसिओला काउंटीत जवळपास एक चतुर्थांश वस्ती मुलांची आहे. म्हणजे लाखभर लोकांमागे प्रौढांच्या संख्येत पंधरा हजारांच्या आसपास फरक.

पण खरी गफलत पुढे आहे. मतदानाचं वय गाठलेला प्रत्येक जण मतदार, असं समजलं जातं. जनगणना वय मोजते, हक्क नाही. मायामी-डेड काउंटीत निम्म्याहून अधिक लोक परदेशात जन्मलेले. त्यांतल्या अनेकांनी नागरिकत्व घेतलं आहे, पण न घेतलेलेही प्रौढांतच मोजले जातात. एच-वन-बी व्हिसावर गेलेला पुण्याचा इंजिनिअरही याच आकड्यात असतो, आणि त्याला मत नसतं. छोट्याशा युनियन काउंटीत मोठे तुरुंग आहेत. कैद्यांची गणना तुरुंगाच्या पत्त्यावर होते, त्यामुळे काउंटीतले प्रौढ फुगतात. शिक्षा भोगणाऱ्या गुन्हेगारांना मत मात्र देता येत नाही. विद्यापीठामुळे अलाचुआ काउंटीतही आकडा वाढतो. फरक इतकाच, की तिथले विद्यार्थी मतदार असू शकतात, फक्त नाव आईवडिलांच्या गावी नोंदवलेलं असू शकतं. म्हणून जाणकार ‘मतदानाच्या वयाचे नागरिक’ हा वेगळा आकडा पाहतात. कैदी त्यातूनही गळत नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

नोंदलेले मतदार या नागरिकांपेक्षा जास्त निघाले की ‘बोगस मतदान’ अशी ओरड होते. यादीतलं नाव आणि पेटीतलं मत यांत अंतर असतं, हे ओरडणारे विसरतात. 1993च्या केंद्रीय मतदार नोंदणी कायद्यानुसार, कुणी गाव सोडल्याचा संशय आला म्हणून नाव लगेच खोडता येत नाही. त्या माणसाने लेखी कळवलं नाही, तर आधी नोटीस पाठवायची. उत्तर आलं नाही आणि पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत त्याने मतही दिलं नाही, तरच नाव काढायचं. त्यामुळे गेलेल्यांची नावं काही वर्षं रेंगाळतात. शिवाय छोट्या काउंट्यांसाठी नागरिकांचा आकडा म्हणजे नमुना पाहणीवरून काढलेला पाच वर्षांचा अंदाज असतो. झपाट्याने वाढणाऱ्या काउंटीत तो आजच्या यादीच्या मागेच पडणार.

आणि जागा? त्या मतदारांच्या संख्येवर ठरतात, हाही समज चुकीचा. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना एकूण लोकसंख्येवर वाटल्या जातात. मुलं, परदेशी नागरिक सगळे धरून. राज्याच्या विधिमंडळाचे मतदारसंघ फक्त पात्र मतदार मोजून आखावेत, अशी मागणी टेक्सासमधून सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ‘इव्हनवेल विरुद्ध ॲबट’ या खटल्यात 2016 साली आठही न्यायाधीशांनी राज्यांना एकूण लोकसंख्या धरण्याची मुभा कायम ठेवली. फक्त मतदारच मोजायचे असं एखाद्या राज्याने ठरवलं तर ते चालेल का, हा प्रश्न न्यायालयाने तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला.