वेताळाच्या जंगलातली गाळणी

जुनी कॉमिक्स पुन्हा छापायची म्हटली की ‘आक्षेपार्ह ते गाळा’ हा सल्ला हमखास मिळतो. वेताळाला मात्र ही गाळणी फार आधीच लागली होती. ली फॉकने १९३६ साली त्याला ‘बेंगाली’ देशात बसवले. वैरी सिंग चाचे. १९६४ साली टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि त्यांत बेंगालीचे ‘डेंकाली’, सिंगचे ‘सिंगा’, वेताळाच्या बापाचा मारेकरी रामा ‘रामालू’ झाला. आपल्याला बोचले तेवढे निघाले. गोऱ्या वेताळाला अमर मानणाऱ्या काळ्या टोळ्या तशाच राहिल्या, आणि खुटबावात आम्ही पोरे त्यांना खुशाल हसलो.

मँड्रेकचा लोथार १९३४ साली बिबट्याचे कातडे नेसून मोडके इंग्रजी बोलत होता. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स चित्रे काढू लागल्यावर तो नीट बोलू लागला. जुनी चित्रे पुसली तर हा फरक कुठे दिसणार?

म्हणून माझ्या मते चित्राला हात लावू नये; ‘डेंकाली’ही तसेच ठेवावे. टीप मात्र त्याच पानाखाली हवी: मूळ नाव काय, ते इथे का बदलले, आणि टोळ्यांचे चित्र कुणाच्या नजरेतून काढले आहे. प्रस्तावना पोरे वाचत नाहीत.