लेक डॉक्टर व्हायला परदेशी निघाली तर



नीटचा निकाल लागला की आपल्या नांदेड-लातुरात दोन तऱ्हेची घरं दिसतात. एका घरी पेढे, हार, फोनवर फोन. दुसऱ्या घरी टीव्हीचा आवाजही बारीक केलेला. लेकरू खोलीतून बाहेर येत नाही आणि आई सारखी दाराशी जाऊन परत येते. आज मला त्या दुसऱ्या घरातल्या आईशी बोलायचंय.

आधी एक हिशेब सांगते. २०२४ साली देशभरात तेवीस लाखांवर मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा साधारण एक लाख दहा हजार, आणि सरकारी कॉलेजांत त्यातल्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे लातूर पॅटर्नचं कितीही नाव असो, आपल्या ट्युशन एरियात खोली करून राहणाऱ्या बहुतेक लेकरांना सरकारी जागा मिळणार नसतेच. यात लेकराचा गुन्हा काही नाही. खासगी कॉलेजची फी ऐकून शेतकरी बाप गप्प होतो. आणि नेमका त्याच आठवड्यात फोन येतो, ‘काका, परदेशात एमबीबीएस, व्हिसा शंभर टक्के!’

माझ्या भावालाही असाच फोन आला होता. त्याची लेक दोन वर्षं लातूरला होती. नीट पात्र झाली, पण सरकारी जागेइतके मार्क नव्हते. एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम, चहा-बिस्किटं, पडद्यावर बर्फातल्या इमारती. दादानं तिथंच बुकिंगचे म्हणून पन्नास हजार भरले. पावती मिळाली ती साध्या कागदावर, शिक्का नाही की जीएसटी नंबर नाही. घरी आल्यावर वहिनीनं मला फोन केला, “ताई, तुम्ही बँकेत होता, जरा बघता का कागद?”

मी कागद बघितले. व्हिसा, विमान, होस्टेल, भारतीय जेवण, सगळं लिहिलं होतं. एक वाक्य मात्र खटकलं: ‘पाच वर्षांचा कोर्स, इंटर्नशिप भारतात येऊन करता येईल.’

त्या वाक्यासाठीच आजचं हे बोलणं. व्हिसा म्हणजे त्या देशानं आपल्या मुलीला तिथं येऊन शिकायला दिलेली परवानगी. तिची डिग्री आपल्या देशात चालेल की नाही, याच्याशी त्या देशाच्या वकिलातीला काही देणंघेणं नसतं. व्हिसा मिळाला म्हणजे कॉलेज चांगलं असणार, असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो.

डिग्री चालते की नाही हे दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. पूर्वी ते काम मेडिकल कौन्सिलकडे होतं. आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम आहेत, आणि त्यानंतर परदेशात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं आणि ते एकाच कॉलेजात व्हायला हवं. त्यावर बारा महिन्यांची इंटर्नशिप, तीही त्याच परदेशी कॉलेजात. शिकवणं इंग्रजीतून हवं. आणि ज्या देशात शिकली, त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच डॉक्टर म्हणून काम करायला ती पात्र ठरली पाहिजे. हे सगळं झाल्यावर भारतात येऊन आणखी बारा महिने इंटर्नशिप. पहिल्या दिवसापासून मोजून दहा वर्षांच्या आत हा सारा अभ्यासक्रम आटपायचा. आता ते वाक्य परत आठवा. तिथली इंटर्नशिप गाळून सरळ भारतात करायची म्हणजे डिग्री कागदापुरतीच राहिली असती.

फिलिपाइन्सचं उदाहरण बघा. तिथं आधी बीएस करतात, मग चार वर्षांचं एमडी. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, ५४ नव्हेत. तिथला विद्यार्थी व्हिसा तर रीतसर मिळत होता, तरी नवे नियम आल्यावर किती घरांत रडारड झाली. काही देशांत पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजीत शिकवतात आणि दवाखान्यात जायची वेळ आली की तिथल्या भाषेत. रशियात जाणाऱ्यांनी हा प्रश्न कॉलेजला लेखी विचारावा. रुग्णाशी बोलण्यापुरती रशियन तर शिकावीच लागते, पण शिकवणं कुठल्या भाषेत आहे हे कागदावर आलेलं असू द्या.

आणि परत आल्यावर परीक्षा आहेच. नेक्स्ट नावाची नवी परीक्षा येणार येणार म्हणतात, ती सुरू होईपर्यंत एफएमजीई. वर्षातून दोनदा होते, तीनशे प्रश्न, दीडशे मार्कांना पास. अलीकडच्या परीक्षांत पाचात एक, कधी त्याहून थोडे जास्त पास झाले. हॉटेलच्या हॉलमध्ये हा आकडा पडद्यावर येत नाही. म्हणून ज्या कॉलेजचं नाव सांगतील, तिथून शिकून आलेली आपल्या भागातली दोन मुलं शोधा, त्यांच्या आयांशी बोला. फोटोपेक्षा ते बरं.

हो, नीट. परदेशात शिकायचं तरी नीट पात्र असणं सक्तीचं आहे. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. ‘नीटशिवाय प्रवेश’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

आता व्हिसा. तो जरा सावकाश सांगते.

सुरुवात पासपोर्टपासून. साध्या अर्जाची फी पंधराशे रुपये आहे, तत्काळचे दोन हजार वेगळे. खरी अडचण फीची नसते, नावाची असते. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडलांचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. कुठं वडलांच्या नावापुढं ‘राव’ आहे, कुठं नाही. कुठं आईचं नाव माहेरचं पडलंय. परदेशातला कारकून हे समजून घेत नाही. त्याच्यासाठी ती दोन वेगळी माणसं. आमच्या मुलीच्या एका कागदावर एक अक्षर जास्त होतं, त्यापायी दोन महिने गेले. दहावी, बारावी, जन्मदाखला, आधार हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवून एक दुपार नुसती अक्षरं तपासा. मुलगी अकरावीत असतानाच तपासलं तर आणखी चांगलं.

मग कागदांवर साक्षांकन. मार्कशीटवर आधी राज्य शासनाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे ‘हा कागद खरा आहे’ असं आपल्या सरकारनं दुसऱ्या सरकारला सांगणारा शिक्का. मंत्रालयाची त्याची फी कागदामागे पन्नास रुपये, वर सेवा देणाऱ्या एजन्सीचे थोडे. एजंटानं याच कामाचे हजारो लावले तर हिशेब मागायला लाजू नका.

पुढं देशागणिक रीत बदलते. रशियासाठी कॉलेजचं नुसतं प्रवेशपत्र पुरत नाही. तिथल्या गृह खात्याकडून निमंत्रणपत्र यावं लागतं, त्याला वेळ लागतो. ते आल्यावर अर्ज करायचा, रशियाची वकिलात मुंबईतही आहे. एचआयव्ही तपासणीचा दाखला लागतो. त्याचा कुणी वेगळा अर्थ काढू नये, तो नियम सगळ्यांनाच आहे. पासपोर्ट हातात आला तेव्हा वहिनी घाबरली. “ताई, सहा वर्षांचं शिक्षण आणि व्हिसा नव्वद दिवसांचा?” तिथली पद्धतच तशी. पहिला व्हिसा थोड्या दिवसांचा आणि एकदाच आत जाण्यापुरता. तिथं पोचल्यावर सात कामाच्या दिवसांत राहण्याच्या पत्त्याची नोंद, ठरलेल्या मुदतीत बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी, मग कॉलेज व्हिसा वाढवून देतं. त्या काळात पासपोर्ट कॉलेजच्या कचेरीत असतो, म्हणून प्रत्येक पानाची झेरॉक्स मुलीच्या बॅगेत आणि फोटो आईच्या मोबाइलमध्ये हवा.

जॉर्जियाच्या विद्यार्थी व्हिसाला डी-३ म्हणतात. तिथं गेल्यावर मुदत संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. चीनच्या व्हिसाला एक्स-१ म्हणतात; तिथं उतरल्यापासून तीस दिवसांत निवास परवाना घ्यायचा. कुठंही गेलं तरी दोन पायऱ्या आहेत: इथून मिळणारा प्रवेशाचा शिक्का आणि तिथं गेल्यावर मिळणारा राहण्याचा कागद. दुसरी पायरी चुकली तर मुलगी हुशार असून बेकायदा ठरते.

१८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या वेळी व्हिसा नव्हता, पण लोक काय म्हणतील हा शिक्का होताच. तो आजही पुरता पुसला गेलेला नाही. मुलाला पाठवताना पैशांची चिंता करतात, मुलीला पाठवताना लग्नाची. असो.

पैशांचं सांगते, कारण मी आयुष्यभर तेच बघितलं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढं गेलं की बँक सहसा तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे सातबारा असं वाटतं, पण थकलेल्या कर्जासाठी शेतजमीन जप्त करायला बँकेला कायद्यानं अडचण असल्यानं बहुतेक बँका ती घेत नाहीत. घर किंवा एनए प्लॉट मागतात. मग माणूस घाईनं जमीनच विकायला काढतो आणि घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही. निकालाच्या आधीच बँकेत एकदा जाऊन विचारून ठेवा. इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्जाची व्याज परतावा योजना आहे, तिच्या अटी जिल्हा कार्यालयात समजतील. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मात्र ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. फी कॉलेजच्या खात्यावर बँकेतून पाठवा. एजंटाच्या हातात रोख दिलेल्या पैशाला कुणी साक्षीदार नसतो. दादाचे पन्नास हजार आजवर परत आलेले नाहीत.

इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी झालेल्या मुलींची वाट वेगळी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ते ११,९०४ युरो आहेत. शिवाय एपीएस नावाचा कागदपत्र तपासणीचा दाखला लागतो. अमेरिकेच्या एफ-१ व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-२० हा कागद येतो आणि मग मुलाखत. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा हजारो भारतीय मुलांना ‘ऑपरेशन गंगा’त परत आणलं. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी मुलांच्या होस्टेलांवर जमाव चालून गेला. अशा वेळी मुलगी कुठं आहे हे भारतीय दूतावासाला माहीत असणं फार मोलाचं. ‘मदद’ या सरकारी पोर्टलवर परदेशातल्या विद्यार्थ्यांची नोंद करता येते. पोचल्या दिवशीच ती करायला सांगा, आणि दूतावासाचा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोबाइल बंद पडतो म्हणून.

आमची मुलगी एक वर्ष उशिरा गेली, आम्ही स्वतः अर्ज करून. त्या वर्षी वहिनीला शेजारच्या बायका विचारायच्या, “पोरगी घरीच का?” वहिनी म्हणायची, “कागद बघतोय.” आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. काल रात्री फोन आला, “आत्या, उणे बावीस आहे इथं, आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली.”

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा याच वेळेला येईन. मुखेडच्या एका आईनं विचारलंय, मुलीच्या दाखल्यावर आईचं नावच नाही, तर काय करावं. त्याचं उत्तर तेव्हा. तोवर ते चार कागद शोधून ठेवा.