बोअरचा आकडा आणि गोळीची घडण

रायफलच्या नळीवर कोरलेला .३१५ किंवा .३०३ हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा असतो, इंचाच्या दशांशात मोजलेला. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. बारा बोअरच्या बंदुकीचे गणित वेगळे आणि जुने आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर भरतो, म्हणजे .३१५च्या दुपटीहून जास्त. तरीही सांबर किंवा थोराड रानडुकरासाठी जुन्या शिकाऱ्यांचा भरवसा असे तो रायफलवरच.

याचे कारण नळीच्या आत आहे. बारा बोअरची नळी गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे किंवा गोल गोळी सुटते. गोल गोळीला हवा फार अडवते, त्यामुळे पन्नास-साठ मीटरांपुढे तिचा वेग आणि नेम दोन्ही ढासळतात. रायफलच्या नळीत आट्यांसारख्या खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात आणि गिरकीमुळे लांबट, टोकदार गोळी हवेत न कोलमडता सरळ जाते. लांबट गोळीला रुंदीच्या मानाने वजन जास्त, म्हणून ती जनावराच्या अंगातही खोल शिरते.

वजन ग्रेनमध्ये मोजण्याची पद्धत आहे. ब्रिटिश अमदानीतला तोळा १८० ग्रेनचा होता, आणि .३०-०६ या रायफलची सर्रास वापरली जाणारी गोळीही १८० ग्रेनची, म्हणजे नेमकी तोळाभर. ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते आणि जवळपास ३,९०० जूल ऊर्जा घेऊन जाते. .३१५ची गोळी जड, २४४ ग्रेनची. पण तिचा वेग ६२० मीटरच्या आसपास, त्यामुळे ऊर्जा ३,००० जूलच्या घरात. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. हत्ती-गव्यासाठी घडवलेल्या .४७० दुनळी रायफलची ५०० ग्रेनची गोळी सुमारे ७,००० जूलपर्यंत पोचते. तिचा धक्का सोसवावा म्हणून ती रायफलच पाच किलोच्या आसपास वजनाची करतात. खांद्याला बसणाऱ्या दणक्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हाती ती देण्यात अर्थ नाही.

पण जूल मोजून जनावर पडत नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या .२७५ रायफलने. कवटीच्या हाडातून मेंदूपर्यंत न वाकता जाणारी, पूर्ण धातूच्या कवचाची गोळी आणि शरीररचनेचा पक्का अभ्यास, एवढ्यावर त्याचे भागले. त्याच बोअरची रिग्बी रायफल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल भेट मिळाली होती. बेलचे अनुकरण करायला गेलेल्या हौशी शिकाऱ्यांनी मात्र पुष्कळ जनावरे नुसती जायबंदी केली असणार.

गोळीची घडण हा निवडीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग. पूर्ण कवचाची ‘सॉलिड’ गोळी आरपार जाते. भेकरासारख्या वीस-पंचवीस किलोच्या जनावराच्या अंगात ती बारीक भोक पाडते आणि जनावर तसेच पळून जाते. ‘सॉफ्ट नोज’ गोळीच्या टोकाला शिसे उघडे ठेवलेले असते. मांसात शिरताच ते टोक भूछत्रासारखे पसरते, जखम रुंद होते आणि ऊर्जा अंगातच खर्ची पडते. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९०च्या दशकात अशाच गोळ्या सैन्यासाठी तयार झाल्या. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांना मनाई केली. शिकारीत मात्र तीच गोळी दयाळू ठरते, कारण जनावर तडफडत राहत नाही.

पसरण्यालाही मर्यादा हवी. पूर्ण वाढलेल्या नर रानडुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ऊतींची जाड ढाल असते. माजाच्या काळात दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून ती त्याला वाचवते. हलकी, वेगवान, पटकन फुटणारी गोळी तिथेच चिंध्या होते. छर्रे तर ढालीतच अडकतात, आणि डुक्कर चवताळून अंगावर येते. इथे .३१५ची जड, बेताच्या वेगाची गोळी चांगली: उशिरा पसरते आणि फुप्फुसांपर्यंत पोचते. गव्याचा नर हजार किलोपर्यंत भरतो. त्याच्यासाठी जुने शिकारी .४०० बोअरच्या खाली उतरत नसत.

जनावराइतकेच रानही पाहावे लागते. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेले फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते; १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. ऐन, किंजळ, अंजनी आणि झाडाझाडांवर लोंबणारे गारंबीचे वेल यांतून पन्नास मीटरांपलीकडचे जनावर क्वचितच पुरते दिसते. चिखलगाण, धरणाची गाण अशा पाणवठ्यांजवळ अंतर आणखी कमी होते. अशा रानात तीनशे मीटरवर सपाट जाणाऱ्या गोळीचे कौतुक फुकट आहे. जड गोळी झुडपे कापत सरळ जाते, ही समजूतही चुकीची: करवीची काठी लागली तरी कोणतीही गोळी वाट सोडते, जड गोळी फार तर थोडी कमी.

बोअरची निवड नेहमी जनावर पाहूनच झाली असेही नाही. .४५०ची काडतुसे बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या कामी येतील या भीतीने ब्रिटिशांनी १९०७ मध्ये हिंदुस्थानात त्या बोअरवर बंदी घातली, आणि इंग्लंडच्या कारागिरांनी लागलीच .४६५, .४७० अशी जवळपास तीच ताकद देणारी बोअर बाजारात आणली. आजही .३०३ ‘निषिद्ध बोअर’ आहे, कारण ते लष्करी काडतूस. म्हणून परवानाधारकाच्या वाट्याला येते .३१५: ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलचे एकोणिसाव्या शतकातले काडतूस, आणि ते उडवणारी, ली-एनफिल्डच्या धर्तीवरची सरकारी आयुधनिर्माणीची रायफल. शिकाऱ्याने निवडले म्हणण्यापेक्षा कायद्याने उरवले म्हणावे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला आळा घातला आणि त्याच कायद्याच्या १९९१च्या दुरुस्तीने ती संपली. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचे तर कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि अशा परवानगीने मारलेले जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरते. तेव्हा आज बोअरचा प्रश्न उरतो तो भातशेताच्या बांधावर. तिथे आणखी एक हिशेब लागतो. नेम चुकलेली .३१५ची गोळी दोन किलोमीटरांहून लांब जाऊ शकते, आणि पेण-रोह्यात शेतामागे बहुधा वाडी असते. मचाणावरून खाली मारलेली गोळी मातीत जिरते; बांधावर उभे राहून आडवी मारलेली जिरेलच असे नाही. बारा बोअरचे छर्रे काहीशे मीटरांत जमिनीवर पडतात. दाट वस्तीजवळ वीस-पंचवीस मीटरांवरून मध्यम आकाराच्या डुकरावर बार काढायचा असेल, तर बारा बोअरचा हा तोकडेपणाच कामाचा.