कमबॅक असाही असतो!

गुड फ्रायडे म्हणजे काय, असं ऑफिसात कुणालाही विचारा. ‘लाँग वीकएंड!’ हेच उत्तर येणार. आणि ईस्टर? ‘ती रंगीत अंडी, चॉकलेटचे ससे... तेच ना?’ हो, तेच. पण तेवढंच नाही. ईस्टर कायम रविवारीच येतो, त्यामुळे त्याची वेगळी सुट्टी नसते. म्हणूनच की काय, तो आपल्या लक्षातही येत नाही. ख्रिस्ती माणसासाठी मात्र हा नाताळपेक्षाही मोठा सण.

स्टोरी थोडक्यात अशी. शुक्रवारी येशूला क्रुसावर खिळलं. जवळचे मित्र पळून गेले. काहीही झालं तरी साथ सोडणार नाही म्हणणाऱ्या पेत्रानं तर आपण या माणसाला ओळखतच नाही, असं तीनदा सांगून टाकलं. आणि रविवारी पहाटे कबर रिकामी! येशू मरणातून उठला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्ट.

आता जरा विचार करा. असा जबरदस्त कमबॅक आपण केला असता, तर पहिल्यांदा कुठे गेलो असतो? ज्यांनी आपला गेम केला, थेट त्यांच्या केबिनमध्ये! ‘बघा, आलो की नाही परत?’ येशू मात्र शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताकडे फिरकतही नाही. शुभवर्तमानांत तो भेटतो कुणाला? बागेत रडत उभ्या असलेल्या मग्दालिया मरीयेला. तिला तर तो आधी माळीच वाटतो. मग अम्माऊसच्या वाटेवर, खचून घरी निघालेल्या दोघांना. त्यांनाही तो ओळखू येतो ते जेवायला बसल्यावर, भाकरी मोडताना. पुढे तळ्याकाठी तो स्वतः निखाऱ्यांवर मासे भाजतो आणि रात्रभर राबलेल्या मित्रांना न्याहारी देतो. हे तेच, पळून गेलेले! त्यात पेत्रही असतो. त्याला तो झापत नाही, उलट माणसं सांभाळायची जबाबदारी देतो. हातांवरचे व्रण तसेच आहेत, पण हिशेब चुकता करायची घाई नाही.

ऐकायला छान आहे. पण असं जगता येतं का हो? एक उत्तर नागपूरहून तासा-दीड तासावर आहे. वर्ध्यात.

एक रेझ्युमे वाचा. जन्म 1892, तंजावर, तमिळ ख्रिस्ती कुटुंब. लंडनमध्ये अकाउंटन्सीचं शिक्षण, मुंबईत प्रॅक्टिस. मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. आजच्या भाषेत एकदम हॉट प्रोफाइल! नाव जे. सी. कुमारप्पा. भारत गरीब का, याचा अभ्यास करता करता 1929 मध्ये ते गांधीजींना भेटले आणि सुटाबुटाची जागा खादीनं घेतली. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचं ऑफिस कुठे? जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्यातल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या... लंडनचा हा अकाउंटंट या कामात रमला.

सोपं नव्हतं ते. 1930 मध्ये भारतातले अँग्लिकन प्रमुख धर्मगुरू फॉस वेस्टकॉट यांनी सविनय कायदेभंगाविरुद्ध मत दिलं. तेव्हा कुमारप्पांनी स्वतःच्याच चर्चच्या प्रमुखाला पत्र लिहून येशूच्या शिकवणीचीच आठवण करून दिली. तुरुंगवासही झाला, एकदा नव्हे, अनेकदा. ‘छोडो भारत’च्या काळातल्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही 1945 मध्ये आली, दोन्हींना प्रस्तावना गांधीजींची.

दुसऱ्या पुस्तकात एक भन्नाट शिडी आहे. सगळ्यात खाली वाघ, दुसऱ्याला मारून जगणारा. मग माकड, बागेतली फळं ओरबाडणारं, लावणारं नव्हे. मग घरटं बांधणारा पक्षी, स्वतःच्या कष्टाचं खाणारा. त्यावर मधमाशी, सगळ्या पोळ्यासाठी राबणारी. आणि सगळ्यात वर? पिल्लांना भरवणारी पक्षीण, बदल्यात काहीही न मागणारी. (आपलं ऑफिस यातल्या कुठल्या पायरीवर आहे, हे लंच टाइमला जरूर ठरवा. बॉस जवळ नाहीत ना, तेवढं बघून!)

ती पक्षीण आणि तळ्याकाठी न्याहारी रांधणारा येशू, मला तरी हे दोघं एकाच पायरीवर दिसतात. ही जोडणी माझी, कुमारप्पांची नव्हे. पण त्यांच्याकडे पाहिलं की ईस्टरचा अर्थ जरा जवळ येतो. नवं आयुष्य मिळालं, तर ते कुणासाठी वापरायचं? प्रमोशन, नवा जॉब, आजारपणातून किंवा ब्रेकअपमधून सावरणं... छोटे-मोठे कमबॅक आपणही करतोच की! त्यानंतरचा पहिला फोन कुणाला जातो? ज्याला जळवायचंय त्याला, की पडत्या काळात जो दूर गेला आणि आता मनातून ओशाळलाय त्याला? त्यासाठी ख्रिस्ती असायलाच हवं, असंही नाही.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय आजही आहे. 1938 मध्ये गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं होतं, आणि त्याच्या पत्त्यात रस्त्याचं नाव आहे ‘कुमारप्पा रोड’. पुढच्या लाँग वीकएंडला पचमढी, चिखलदरा फुल्ल असेल, तर वर्ध्याची गाडी पकडा. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र विसरू नका, वर्ध्याचं ऊन कुणाचीच गय करत नाही!